माती न चिवडता पर्यावरणाची पदवी

पर्यावरणाचा अभ्यास म्हटले की डोळ्यांसमोर ठरावीक चित्र येते. गुडघाभर पाण्यात उभे राहून बाटलीत नमुना भरणारा विद्यार्थी, जंगलात दुर्बीण लावून बसलेली संशोधक, प्रयोगशाळेतल्या परीक्षानळ्या. मग चाकणच्या कारखान्यात दिवसपाळी करणारा अभियंता, नागपूरची शाळाशिक्षिका किंवा दुबईत नोकरीला असलेला रत्नागिरीकर रात्री जेवणे आटोपल्यावर लॅपटॉप उघडतो आणि दोन वर्षांनी ‘पर्यावरणीय शाश्वतता’ या विषयातला पदव्युत्तर पदवीधर होतो, हे कसे? नदीकाठी न जाता नदीचे शास्त्र शिकता येते का?

शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर या विषयाच्या पोटातच दडलेले आहे. शाश्वततेचा अभ्यास हा बराचसा हिशेबाचा अभ्यास आहे. पाणी किती आले, किती गेले, कोळसा कुठे जळला, त्याचे खापर कुणाच्या माथी मारायचे, आणि हिशेब तुटीचा निघाला तर कोणाच्या वाट्याला किती कपात यावी, हे प्रश्न इथे सोडवायचे असतात. हिशेब पडद्यावर शिकता येतो. काय शिकता येत नाही, त्याकडेही पुढे येऊ.

विज्ञान वेगळे, शाश्वतता वेगळी

या क्षेत्रात तीन अभ्यासक्रमांची नेहमी सरमिसळ होते. पर्यावरण अभियांत्रिकी सांडपाण्याचा प्रकल्प कसा बांधायचा ते शिकवते. पर्यावरणशास्त्र त्या सांडपाण्यात काय आहे ते तपासायला शिकवते. शाश्वततेचा अभ्यासक्रम एक पायरी मागे जाऊन विचारतो, की एवढे सांडपाणी तयारच का होते, ते शुद्ध करायचा खर्च कोणी उचलावा आणि पन्नास वर्षांनी याच नदीवर किती लोक अवलंबून असतील?

‘शाश्वत विकास’ ही कल्पना जगाच्या व्यवहारात रुळली ती १९८७ च्या ब्रुंटलँड आयोगाच्या अहवालामुळे. नॉर्वेच्या पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुंटलँड या आयोगाच्या अध्यक्ष होत्या. पुढच्या पिढ्यांच्या गरजांना धक्का न लावता आजच्या गरजा भागवायच्या, हा त्या अहवालाचा गाभा. वाक्य सोपे आहे, पण ते अमलात आणायचे तर ‘गरज’ मोजावी लागते आणि ‘धक्का’ही मोजावा लागतो. अभ्यासक्रमाची सुरुवात तिथून होते.

भारतात पदवीच्या विद्यार्थ्यांना पर्यावरणाचा विषय सक्तीचा झाला, त्यामागे सर्वोच्च न्यायालय आहे. वकील एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ मध्ये न्यायालयाने पर्यावरण शिक्षणाचे आदेश दिले. पुढे विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, पदवीसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला. त्याचे पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. इराक भरुचा यांनी लिहिले. आज चाळिशीच्या आत असलेल्या अनेकांना ‘ईव्हीएस’ म्हणजे मित्राच्या वहीवरून उतरवलेला प्रकल्प एवढेच आठवत असेल. पदव्युत्तर अभ्यासात मात्र उतरवून भागत नाही, कारण इथे आकडे ज्याचे त्याला जमवावे लागतात.

पहिला धडा : साठा आणि ओघ

अभ्यासक्रमाच्या पहिल्या सत्रात बहुधा ‘प्रणाली विचार’ असा काहीसा जड नावाचा विषय असतो. नाव बाजूला ठेवले तर त्यात दोनच गोष्टी पक्क्या समजून घ्यायच्या असतात. आत्ता हाताशी किती आहे तो साठा, आणि दर वर्षी त्यात किती येते व त्यातून किती जाते तो ओघ. येणाऱ्यापेक्षा जाणारे जास्त झाले की साठा संपतो, मग तो कितीही मोठा असो.

अहिल्यानगर जिल्ह्यातले हिवरे बाजार हे याचे चालतेबोलते उदाहरण आहे. गावाचे क्षेत्र सुमारे ९७७ हेक्टर. एक हेक्टरवर एक मिलिमीटर पाऊस पडला, तर दहा हजार लिटर पाणी मिळते. म्हणजे या गावावर पावसाचा एकेक मिलिमीटर जवळपास एक कोटी लिटर पाणी घेऊन उतरतो. वर्षात ४०० मिलिमीटर पाऊस झाला, तर आभाळातून आलेली जमा सुमारे ३९० कोटी लिटरची.

आकडा डोळे दिपवणारा आहे, पण हा सगळा पाऊस गावाच्या हाती लागत नाही. काही पाणी वाफ होऊन जाते, काही ओढ्याने वाहून जाते, काही मातीत ओल म्हणून राहते आणि उरलेले जमिनीत खोल मुरते. महाराष्ट्राचा चार पंचमांशाहून अधिक भाग बेसॉल्ट खडकावर वसला आहे. त्या खडकात पाणी धरून ठेवणाऱ्या भेगा आणि पोकळ्या मर्यादित असतात. त्यामुळे मुरणारा वाटा लहान आणि विहिरींचा साठाही लहान.

हिवरे बाजारने हीच आकडेमोड गावाच्या कारभारात आणली. पोपटराव पवार यांच्या पुढाकाराने तिथे दर वर्षी पाण्याचा ताळेबंद मांडला जातो. पाऊस किती झाला, पिण्याला, जनावरांना आणि शेतीला किती लागेल, हे पाहून कोणती पिके घ्यायची ते ग्रामसभेत ठरते. शेतीसाठी बोअरवेल नाही आणि ऊस-केळीसारखी तहानलेली पिके नाहीत, हे नियम त्यातूनच आले. पवार यांना २०२० साली पद्मश्री जाहीर झाली.

ऑनलाइन विद्यार्थ्याला पहिल्या सत्रात असाच स्वाध्याय मिळू शकतो. आपल्या गावाचे, तालुक्याचे किंवा निदान आपल्या गृहनिर्माण सोसायटीचे पाण्याचे अंदाजपत्रक मांडा. पावसाचे आकडे सरकारी संकेतस्थळावर मिळतात, क्षेत्रफळ नकाशावर मोजता येते, टँकरची बिले सोसायटीच्या कपाटात असतात. यातल्या कशालाच प्रयोगशाळा लागत नाही.

दुसरा धडा : कार्बनचा जमाखर्च

या पदवीला नोकरीच्या बाजारात मागणी आहे, ती मुख्यतः या धड्यामुळे. हा हिशेब कसा करतात, ते एका चारजणांच्या शहरी घरावर पाहू.

समजा, महिन्याला १५० युनिट वीज लागते. केंद्रीय विद्युत प्राधिकरण दर वर्षी देशातल्या विजेमागे किती कार्बन डायऑक्साइड निघतो त्याची माहिती प्रसिद्ध करते. अलीकडच्या वर्षांत हा आकडा एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो आहे, कारण आपली बरीचशी वीज अजून कोळशावर होते. म्हणजे विजेचे १०५ किलो झाले. स्वयंपाकाचा गॅस एक किलो जळला की सुमारे तीन किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. १४.२ किलोचे एक सिलिंडर महिन्यात संपले, तर सुमारे ४२ किलो. स्कूटरला आणि गाडीला मिळून २० लिटर पेट्रोल लागले, तर लिटरमागे २.३ किलोच्या हिशेबाने ४६ किलो. बेरीज १९३ किलो.

एक किलो गॅस जळून तीन किलो कार्बन डायऑक्साइड कसा होतो, असा प्रश्न इथे हटकून येतो. इंधनातला कार्बनचा प्रत्येक अणू जळताना हवेतले ऑक्सिजनचे दोन अणू पकडतो. वाढलेले वजन त्या ऑक्सिजनचे असते.

आता हाच हिशेब कंपनीचा करायचा. २००१ मध्ये ‘ग्रीनहाउस गॅस प्रोटोकॉल’ या नावाने त्याची पद्धत जगासमोर आली आणि तिने उत्सर्जनाचे तीन कप्पे केले. त्यांना ‘स्कोप’ म्हणतात. आपल्या आवारात किंवा आपल्या गाड्यांत जे जळते ते स्कोप १, वरच्या घरातले सिलिंडर आणि पेट्रोल याच कप्प्यात पडेल. विकत घेतलेल्या विजेमागचे उत्सर्जन स्कोप २, कारण धूर आपल्या दारात नाही तर कोराडीच्या किंवा चंद्रपूरच्या चिमणीतून निघतो. आणि आपण विकत घेतलेला माल, त्याची वाहतूक, आपण विकलेल्या वस्तूचा पुढचा वापर, कर्मचाऱ्यांचे येणेजाणे असे बाकी सगळे स्कोप ३.

खरी गंमत तिसऱ्या कप्प्यात आहे. मोटारी बनवणाऱ्या कंपनीने कारखान्याच्या छपरावर कितीही सौर पॅनेल बसवले, तरी तिच्या उत्सर्जनाचा सर्वांत मोठा वाटा ग्राहकांनी पुढची दहा-पंधरा वर्षे जाळलेल्या इंधनाचा असतो. ‘आमचा कारखाना हरित आहे’ ही जाहिरात वाचताना कोणत्या कप्प्याबद्दल बोलणे चालले आहे, हे विचारण्याची सवय या अभ्यासाने लागते.

कार्बन डायऑक्साइडखेरीज इतर वायूही हिशेबात येतात. एक टन मिथेन शंभर वर्षांत एक टन कार्बन डायऑक्साइडच्या २७ ते ३० पट उष्णता धरतो. मुदत २० वर्षांची धरली तर हा आकडा ८० च्या पुढे जातो. भातखाचर, गुरांचे पोट आणि कचरा डेपो यांचे वजन हिशेबात किती धरायचे, हे त्यामुळे निवडलेल्या मुदतीवर अवलंबून राहते. असे निर्णय डोळसपणे घेणे आणि अहवालात ते स्पष्ट लिहिणे, यालाच या विषयातला प्रामाणिकपणा म्हणतात.

हा हिशेब आता ऐच्छिक राहिलेला नाही. ‘सेबी’ने २०२१ मध्ये ‘बीआरएसआर’ हा शाश्वतता अहवालाचा नमुना आणला आणि २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना तो बंधनकारक केला. युरोपीय संघाने पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खते अशा आयात मालावर सीमेवरचा कार्बन आकार लावण्याची व्यवस्था आखली. ऑक्टोबर २०२३ पासून त्यासाठी आकडे देणे सुरू झाले आणि २०२६ पासून ती प्रत्यक्ष आकारणीच्या टप्प्यात आली. मोठ्या कंपनीला आकडे द्यायचे म्हटले की ती आपल्या पुरवठादारांकडे आकडे मागते. त्यामुळे औद्योगिक वसाहतीतल्या मध्यम कारखानदारालाही हे कोष्टक भरणारा माणूस लागतो.

तिसरा धडा : जन्मापासून शेवटापर्यंत

‘लग्नाला किती खर्च आला?’ असे वधूपित्याला विचारले, तर उत्तर एक येत नाही. हॉल आणि जेवणावळ एवढेच धरायचे, की दागिने, शालू, मानपान, पाहुण्यांच्या गाड्या आणि नंतरची सत्यनारायणाची पूजाही? कुठे रेघ मारता यावर आकडा बदलतो. शिवाय दोन लग्नांची तुलना करायची तर एकूण खर्च उपयोगाचा नाही, ताटामागे किती पडले ते पाहावे लागते.

वस्तूच्या पर्यावरणीय हिशेबातही हेच दोन प्रश्न आधी सोडवतात. कुठे रेघ मारायची ती ‘प्रणालीची सीमा’, आणि ताटामागच्या हिशेबाला म्हणतात ‘कार्यात्मक एकक’. कच्चा माल काढण्यापासून वस्तू कचऱ्यात जाईपर्यंतचा हा हिशेब ‘जीवनचक्र मूल्यांकन’ या नावाने ओळखला जातो. त्याची आंतरराष्ट्रीय मानकेही आहेत, आयएसओ १४०४० आणि १४०४४.

डेन्मार्कच्या पर्यावरण खात्याने २०१८ मध्ये किराणा सामानाच्या पिशव्यांचा असा अभ्यास प्रसिद्ध केला. तिथल्या प्लास्टिक पिशवीच्या तोडीस तोड यायचे, तर साधी सुती पिशवी हवामान बदल या एकाच निकषावर किमान ५२ वेळा वापरावी लागते. सगळे निकष एकत्र धरले तर ७,१०० वेळा. सेंद्रिय कापसाच्या पिशवीचा आकडा २०,००० वर गेला. कापसाला जमीन, पाणी, खत आणि वीज लागते, त्याचा हा परिणाम. सर्वांत मोठे आकडे ओझोन थराच्या हानीच्या निकषामुळे आले.

म्हणून प्लास्टिकच्या पिशव्या घ्याव्यात काय? विद्यार्थ्याची परीक्षा इथेच असते. या अभ्यासात पिशवी इकडेतिकडे फेकली जाऊन होणारी हानी मोजलेली नव्हती. डेन्मार्कमध्ये पिशवी बहुधा कचऱ्यासकट भट्टीत जाते. आपल्याकडे ती गटारात अडकते किंवा गाईच्या पोटात जाते. रेघ कुठे मारली हे न पाहता निष्कर्ष उचलला, तर फसगत ठरलेली. घरी दहा वर्षे वापरात असलेली कापडी पिशवी मात्र या कसोटीवर बरी उतरेल. समारंभात फुकट मिळालेल्या आणि कपाटात घडी घालून ठेवलेल्या वीस पिशव्यांबद्दल तसे म्हणता येणार नाही.

ऑनलाइन पदवीचा स्वतःचा हिशेब

हीच फूटपट्टी खुद्द पदवीला लावली तर? ब्रिटनच्या ओपन युनिव्हर्सिटीतील रॉबिन रॉय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा उद्योग केला आणि निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांचे कार्यात्मक एकक होते, एका विद्यार्थ्याचा सुमारे शंभर तासांचा अभ्यास. आवारात राहून केलेल्या पूर्णवेळ अभ्यासाच्या तुलनेत दूरशिक्षणाला सरासरी ८७ टक्के कमी ऊर्जा लागली आणि कार्बन डायऑक्साइड ८५ टक्के कमी निघाला.

फरक पुस्तकांमुळे किंवा संगणकामुळे पडला नव्हता. विद्यार्थ्यांचा प्रवास, त्यांच्यासाठी लागणारी वेगळी निवासव्यवस्था आणि विद्यापीठाच्या इमारती ही बचतीची तीन कारणे होती. छापील पुस्तकांवरचे दूरशिक्षण आणि संगणकावरचे दूरशिक्षण यांत त्या मानाने थोडाच फरक निघाला.

हे टक्के जसेच्या तसे पुण्याला लावता येणार नाहीत. ब्रिटनमध्ये घर उबदार ठेवायला मोठी ऊर्जा लागते, आपल्याकडे ती लागत नाही. आपल्याकडचा विद्यार्थी मोटारीऐवजी एसटीने किंवा लोकलने येतो. पण प्रवास आणि वसतिगृह वाचले की ऊर्जा वाचते, हे सूत्र इथेही टिकते.

आकाशातून दिसणारे गाव

नकाशांचा भाग तर पडद्यासाठीच बनलेला आहे. अमेरिकेच्या लँडसॅट मालिकेचा पहिला उपग्रह १९७२ मध्ये सुटला आणि २००८ पासून त्या मालिकेची छायाचित्रे जगाला मोफत खुली झाली. युरोपचे सेंटिनल-२ उपग्रह जमिनीचा दहा मीटरपर्यंतचा तपशील टिपतात आणि सुमारे पाच दिवसांनी त्याच जागेवर परततात. इस्रोचे ‘भुवन’ संकेतस्थळ आहे. ‘क्यूजीआयएस’ ही नकाशाप्रणालीही फुकट मिळते.

उपग्रहाला पीक कसे कळते? हिरवे पान अन्न तयार करण्यासाठी लाल प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त प्रकाश परतवते. या दोन प्रकाशांतली वजाबाकी भागिले त्यांची बेरीज, की ‘एनडीव्हीआय’ हा निर्देशांक मिळतो. तो १ च्या जवळ असेल तर दाट हिरवाई, शून्याच्या आसपास असेल तर उघडी जमीन. एप्रिल-मे महिन्यांतल्या छायाचित्रांत अवर्षणप्रवण तालुक्यात हिरवे तुकडे दिसले, तर बागायत कुठे आहे आणि विहिरींतले पाणी कुठे जाते, याचा माग लागतो. पण तो तुकडा उसाचा, डाळिंबाचा की गवताचा, हे छातीठोकपणे सांगायला बांधावर जाऊन पाहणारे कुणीतरी हवे.

आकडा कळला, पुढे काय?

पाण्याचा ताळेबंद मांडला म्हणून पाणी वाचत नाही. शेजारचा उपसा करत असताना आपण थांबलो तर आपले पीक जाते आणि पाणीही जाते, असे प्रत्येकाला वाटते. ही ‘सामायिक संसाधनांची शोकांतिका’ गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडली. तिच्यावर सरकारी ताबा किंवा खासगी मालकी एवढेच उपाय सांगितले जात. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी जगभरची कुरणे, जंगले आणि सिंचनव्यवस्था अभ्यासून तिसरी वाट दाखवली. लोक स्वतः नियम करतात, ते पाळले जातात की नाही यावर लक्ष ठेवतात, चुकणाऱ्याला आधी हलकी आणि मग चढत्या क्रमाने शिक्षा करतात, आणि अशा व्यवस्था शतकानुशतके टिकतात. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला.

महाराष्ट्राला ही गोष्ट नवी नाही. धुळे-नाशिक भागात पांझरा, मोसम या नद्यांवरची फड पद्धत काही शतके चालली. बंधाऱ्याखालची जमीन फडांत विभागायची, एका फडात एकच पीक घ्यायचे आणि पाणी सोडायला पाटकरी नेमायचा. पुरंदर तालुक्यात १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी उभी केलेली पाणी पंचायत त्याही पुढे गेली. पाण्याचा हक्क जमिनीवर नव्हे तर कुटुंबातल्या माणसांवर ठरला, भूमिहीनालाही वाटा मिळाला आणि उसाला मनाई झाली.

शाश्वततेच्या अभ्यासक्रमात धोरण, कायदा आणि अर्थशास्त्र यांना रसायनशास्त्राइतकीच जागा का असते, ते यावरून कळावे.

पदवीची यंत्रणा

आता व्यवहाराचे बोलू. भारतात ऑनलाइन आणि दूरशिक्षणाच्या पदव्यांना यूजीसीची २०२० ची नियमावली लागू आहे. अभियांत्रिकी, वैद्यक, औषधनिर्माण, वास्तुरचना असे विषय त्यातून वगळले आहेत आणि प्रयोगशाळेवर उभे असलेले अभ्यासक्रम ऑनलाइनच्या चौकटीत बसत नाहीत. म्हणूनच पर्यावरण अभियांत्रिकीची पदवी ऑनलाइन दिसत नाही, शाश्वततेची दिसते.

ऑनलाइन आणि दूरशिक्षण यांतही फरक आहे. दूरशिक्षणात पुस्तके आणि अभ्यासकेंद्र यांवर भर असतो. इग्नूची पर्यावरण अभ्यासाची एम.ए. दूरशिक्षणाने करता येते. ऑनलाइन पदवीत चार गोष्टी असाव्या लागतात. चित्रफितीतले व्याख्यान, वाचायचे साहित्य, शंका-चर्चेची जागा आणि स्वतःला तपासायच्या चाचण्या. अंतिम परीक्षा देखरेखीखाली होते. मान्यताप्राप्त संस्थेची अशी पदवी नेहमीच्या वर्गातल्या पदवीच्या बरोबरीची मानावी, असे यूजीसीने २०२२ मध्ये जाहीर केले आहे.

वेळ किती लागतो? राष्ट्रीय श्रेयांक आराखड्यात एका श्रेयांकाला ३० तासांचा अभ्यास धरला आहे आणि वर्षाला ४० श्रेयांक. दोन वर्षांच्या पदवीचे झाले २,४०० तास. सलग १०४ आठवड्यांवर वाटले, तर आठवड्याला २३ तास. दिवाळी, लग्नसराई, कार्यालयातला मार्चअखेर यातून वगळला तर आकडा आणखी चढतो. ‘नोकरी सांभाळून आरामात’ या जाहिरातीतला ‘आरामात’ हा शब्द या गणितात बसत नाही.

गळतीचे कारणही हेच. हार्वर्ड आणि एमआयटी यांच्या मोफत ऑनलाइन अभ्यासक्रमांचा आढावा २०१९ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. नाव नोंदवणाऱ्यांपैकी सुमारे तीनच टक्के लोकांनी अभ्यासक्रम पूर्ण केला होता. प्रमाणपत्रासाठी पैसे भरलेल्यांत हे प्रमाण निम्म्याच्या आसपास होते. पदवीत ठरलेल्या तारखा, गुण आणि भरलेले शुल्क यांचा रेटा असल्याने विद्यार्थी टिकतो. तरीही एकट्याने शिकताना घसरण होते, आणि तिथे चार सहाध्यायांचा गट व्याख्यानापेक्षा अधिक कामी येतो.

पडदा जिथे अपुरा पडतो

नमुना कसा घ्यायचा हे चित्रफितीत कळते, पण हाताला वळण लागत नाही. नदीचे पाणी काठावरून घेतले आणि मधल्या धारेतून घेतले, तर आकडे वेगळे येतात. बाटली तासभर उन्हात राहिली तरी फरक पडतो. गावकऱ्यांशी बोलून माहिती काढणे तर त्याहून अवघड. कुणाची विहीर किती खोल, कुणाची मोटर रात्री चालते, हे कोणत्याही उपग्रहाला दिसत नाही.

मात्र इथे ऑनलाइन विद्यार्थ्याकडे एक हुकमाचे पान असते. वसतिगृहातल्या विद्यार्थ्याला अभ्यासासाठी गाव शोधावे लागते, हा स्वतःच्या गावात बसलेला असतो. अखेरच्या सत्रातला प्रबंध आपल्या परिसरावर घेतला, तर अपुरेपणा बराच भरून निघतो. जैवविविधता कायद्यानुसार ग्रामपंचायतींनी ठेवायची लोक जैवविविधता नोंदवही, आपल्याच कारखान्याचा स्कोप ३ चा अंदाज, नगरपालिकेच्या कचऱ्याची आठवडाभराची वर्गवारी, असे विषय दाराशी पडलेले आहेत. नोकरीच्या मुलाखतीत ‘तुम्ही काय केले?’ या प्रश्नाला दाखवण्याजोगे उत्तर त्यातूनच मिळते.

चौकट : पैसे भरण्यापूर्वी

• यूजीसीच्या दूरशिक्षण विभागाच्या संकेतस्थळावर संस्थेचे आणि त्याच अभ्यासक्रमाचे नाव, त्याच सत्रासाठी आहे का ते पाहा. विद्यापीठ मान्यताप्राप्त असले तरी प्रत्येक ऑनलाइन अभ्यासक्रम मान्य असतोच असे नाही.

• प्रवेश थेट विद्यापीठाकडे घ्या. फ्रँचायझीमार्फत पदवी चालवायला परवानगी नाही.

• मान्यता नसलेल्या परदेशी संस्थांशी हातमिळवणी करून शिक्षण कंपन्या देत असलेल्या ऑनलाइन पदव्या ग्राह्य नाहीत, असा इशारा यूजीसीने २०२३ मध्ये दिला होता.

• परदेशी विद्यापीठाची ऑनलाइन पदवी भारतातल्या सरकारी नोकरीसाठी किंवा पीएच.डी.साठी वापरायची असेल, तर समकक्षतेचा नियम आधी वाचा. ऑनलाइन परदेशी पदवीला ती मिळणे कठीण असते.

• अभ्यासक्रमात जीवनचक्र मूल्यांकन, कार्बन लेखांकन, नकाशाप्रणाली आणि प्रबंध या चार गोष्टी आहेत का ते तपासा. नुसते ‘पर्यावरणाचे महत्त्व’ शिकवणारी पदवी कामाची नाही.

• आठवड्याचे २३ तास कुठून काढणार, ते घरच्यांसमोर कागदावर मांडा.

कोणासाठी, कोणासाठी नाही

ज्याला प्रयोगशाळेत किंवा जंगलात काम करायचे आहे, त्याने वर्गातलीच पदवी घ्यावी. जो आधीच कारखाना, बँक, नगरपालिका, शाळा किंवा शेती यांपैकी कशात तरी रुजलेला आहे आणि तिथला हिशेब ज्याला बदलायचा आहे, त्याच्यासाठी ऑनलाइन पदवी सोयीची आणि पुरेशी आहे. पदवीचे कागद सगळ्यांचे सारखे असतील, पण उपयोग होईल तो तिथले आकडे ज्याच्या रोजच्या कामात आहेत त्याला.

निर्णय होत नसेल, तर केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या संकेतस्थळावर २०१७ पासून पर्यावरण, हवामान आणि जलव्यवस्थापनावरचे अभ्यासक्रम मोफत शिकता येतात. प्रमाणपत्र हवे असेल तरच परीक्षेचे शुल्क पडते. त्यातला एक अभ्यासक्रम निवडा आणि स्वाध्यायांसकट शेवटपर्यंत पुरा करा. तो पुरा झाला तर पदवीचे शुल्क खुशाल भरा. तिसऱ्या आठवड्यातच सुटला, तर हजारो रुपये वाचले असे समजा.